चंद्रभागा, वय अठ्ठावीस

वाघजाईवाडीत अप्पा बनकरांच्या म्हशीला नाव होतं आणि बायकोला नव्हतं. असं कुणी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्यांनी पायताण काढलं असतं. बायकोला नाव होतंच. फक्त ते कुणी घेत नव्हतं, आणि न घेता एकोणीस वर्षं संसार नीट चालला होता. म्हशीचं तसं नव्हतं. तिला नावानं हाक मारल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे.

सन छप्पन्नच्या पावसाळ्याअखेर तलाठी रमाकांत यांच्या गळ्यात एकाच आठवड्यात दोन कामं पडली. जनावरांची गणती आणि मतदारांची यादी. रमाकांत मूळचे इंदापूरचे, शिकलेले, पायात बूट घालणारे. वाडीतल्या चिखलाचा त्यांना राग होता, आणि चिखलालाही बुटांचा असावा. दोन्ही तक्ते काखेत मारून ते घर नंबर एकोणतीसच्या ओट्यावर बसले.

"म्हशी किती?"

"एक. चंद्रभागा. लिवा," अप्पा सावरून बसले. "वय आठ. रंग काळा, कपाळावर चांद, शिंगं मागं वळल्याली. नरसिंहपूरच्या जत्रंत घेतली. तिची आई गोदावरी, ती पन लई गुनी व्हती."

"आईचा रकाना नाही."

"मग सरकारला कळनार कसं, जनावर कुठल्या घरचं हाय ते?"

रमाकांतांनी दुसरा तक्ता काढला. "घरात बाया किती?"

"एक."

"नाव?"

अप्पा तंबाखू मळू लागले. "लिवा, अप्पाची बायकू."

"तसं चालत नाही आता. मागच्या यादीत मी तसंच लिहिलं होतं, ते सगळं वरून खोडून आलं. सही माझी होती, बोलणी मी खाल्ली. नाव सांगा."

"तलाठी, तुमी शिकल्यालं मानूस. दुसऱ्याच्या बायकूचं नाव इचारता? मी इचारलं का कधी तुमच्या बायकूचं?"

रमाकांतांनी रकाना मोकळा सोडला आणि चिखलातून पुढच्या घरी गेले.

दाराआड फुलाबाई उभी होती. अप्पाची बायको ती हीच. परका माणूस ओट्यावर, नवरा पुढ्यात, अशा वेळी बाईनं आपलं नाव आपल्या तोंडानं सांगायचं नाही अशी वाडीची रीत होती. तिनं ओठ मिटून घेतले. पण तिला पाच वर्षांपूर्वीचं पहिलं मतदान आठवत होतं. हिरवं लुगडं नेसून ती शाळेच्या पटांगणात अडीच तास रांगेत उभी होती. बोटाला शाई लावतात असं ऐकलं होतं म्हणून बोट आधीच पुढं धरलेलं. तिची पाळी आली तेव्हा टेबलामागच्या माणसानं कागद पाहिला आणि म्हणाला, "अप्पाची बायको? खोडलंय. बाजूला व्हा."

ती बाजूला झाली. बोट तसंच पुढं होतं. वाडीचे बडे बागाईतदार आबाजी शेळके तिथंच खुर्ची टाकून बसले होते. ते मोठ्यानं म्हणाले, "धुऊन ठीव ते बोट. पाच वर्सानी कामाला यील!" सगळं पटांगण हसलं. अप्पाही हसले. चारचौघांत आबाजी हसले की हसावं लागे.

तेव्हापासून फुलाबाईला एकच गोष्ट हवी होती. त्याच पटांगणात, त्याच टेबलापुढं, आपल्या नावानं हाक यावी आणि आपल्या बोटाला शाई लागावी. आबाजींसमोर.

दसऱ्यानंतर कच्ची यादी चावडीवर वाचली गेली. पुरुष पुढं, बाया लांब लिंबाखाली. रमाकांत एका सुरात वाचत होते.

"घर नंबर एकोणतीस. अप्पा तुकाराम बनकर, पुरुष, वय बेचाळीस. चंद्रभागा अप्पा बनकर, स्त्री, वय अठ्ठावीस."

लिंबावरचे कावळेसुद्धा गप्प झाले.

झालं होतं ते अगदी साधं होतं. मोकळा रकाना पाहून वरचे लोक पुन्हा बोलतील, म्हणून पक्कं लिहायला बसल्यावर रमाकांत तो भरायचा बघत होते. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी उघडे. एकावर घर नंबर एकोणतीस, नाव नाही. दुसऱ्यावर घर नंबर एकोणतीस, मादी, चंद्रभागा, वय आठ. आपण नाव चुकून दुसऱ्या कागदावर लिहिलं असं त्यांना वाटलं. आठ वर्षांची बाई मतदार कशी होईल? आठाआधीचा दोनाचा आकडा घाईत राहिला असणार. त्यांनी तो प्रामाणिकपणे घातला. बाकीच्या घरांतही बायांचे रकाने मोकळेच होते आणि तिथल्या म्हशींना नावंच नव्हती, त्यामुळे त्या घरांतल्या बाया यादीतून सरळ गळाल्या. अख्ख्या वाडीत स्त्री मतदार दोनच उरल्या. एक विधवा छबूबाई, दुसरी चंद्रभागा.

"अप्पा," मागून कुणीतरी म्हणालं, "वैनींला मतदानाला दावं लावून आननार का मोकळ्या सोडनार?"

मग जे हसू फुटलं ते कोऱ्हाळे बुद्रुकपर्यंत गेलं असेल. रमाकांतांचा चेहरा पांढरा पडला. ते उठून अप्पांच्या कानाशी गेले. "अप्पा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. वहिनींचं खरं नाव सांगा, आत्ता दुरुस्त करतो. फक्त नाव."

अप्पांनी तोंड उघडलं.

आणि तोंड उघडंच राहिलं.

नाव येईना! लग्नात सासरचं नवं नाव ठेवायचं ठरलं होतं, पण भटजींना पुढच्या गावचा मुहूर्त गाठायचा होता, ते राहून गेलं. माहेरचं नाव सासरी घ्यायचं नसतं म्हणून ते कुणी घेतलं नाही. एकोणीस वर्षं 'अगं ए' वर भागलं. आता अप्पा आठवणीच्या तळाशी हात घालून चाचपत होते आणि हाताला दर वेळी म्हशीचंच नाव लागत होतं.

माणसाला लाज वाटली की तो चिडतो. "आमच्यात बायकांची नावं चावडीवर काढत न्हाईत!" अप्पा ओरडले.

"खरं हाय," आबाजी खुर्चीतून म्हणाले. आबाजींचा चाळीस एकर ऊस होता आणि पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. वाडीची मतं आजवर तेच ठरवत. "आनि दुरुस्त कशाला करायचं? घरात बाई एक, यादीत बाई एक. जुळलं की! अप्पा, मतदानाला बायकूला धाडून दे. इचारलं तर म्हनावं, मीच चंद्रभागा. काय झिजतं का तिचं?"

अप्पांना ते पटलं. रमाकांतांना तर फारच पटलं.

लिंबाखालची एक बाई मात्र पुढचं ऐकायला न थांबता घराकडं निघाली.

घरी आल्यावर अप्पा पाटावर बसले. "अगं ए, भाकर वाढ."

चुलीपुढची पाठ हलली नाही.

"ऐकू येत न्हाय व्हय?"

"यादीत जी बाई हाय तिला सांगा," फुलाबाई म्हणाली. "गोठ्यात हाय."

"तोंड लई चालाय लागलं!"

"तोंड लई वर्सं बंद व्हतं. धनी, म्हशीचं नाव तुमी बापजाद्यासकट सांगितलं. माझं सांगताना तुमच्या तोंडात तंबाखू आली. आनि आता मी तिच्या नावानं बोट काळं करू? न्हाय करनार. त्यापरीस म्हशीलाच न्या. तिचा खूर काळाच हाय, शाई वाचंल."

अप्पांनी हात उगारला. फुलाबाईनं पदर खोचला आणि समोर येऊन उभी राहिली.

"मारा. पन नाव घिऊन मारा. कुनाला मारताय ते तरी कळू द्या."

हात वर राहिला. बराच वेळ राहिला. मग तो हळूच डोक्यावरच्या पागोट्याकडं गेला, जणू तेच सारखं करायचं होतं. त्या दिवशी अप्पांनी कांदा खाल्ला, नुसता.

दुसऱ्या दिवशी फुलाबाई छबूबाईकडं गेली. छबूबाई साठीची, ठेंगणी, तोंडाची तिखट. बेचाळीस साली ती प्रभातफेरीत गाणी म्हणत फिरली होती, आणि त्यात शिपायानं दंडावर मारलेल्या काठीचा वण ती अजून कुणालाही, न विचारता, दाखवत असे.

"रडती कशाला?" ती म्हणाली. "तवा आमी गानी म्हनून इंग्रज घालीवला. ह्यो तलाठी काय, बुटातलं मानूस! तुझं एकटीचं कशाला, समद्यांचीच नावं लावू."

"पन सांगनार कोन? आपलं आपुन सांगायचं न्हाय, मालकानं घ्यायचं न्हाय."

"शेजारणीनं घ्यायला कुनी बंदी केलीया?"

आणि नागरिकहो, इथून सरकारी कामकाज जात्यावर आलं.

पहाटे वाडीतली जाती फिरायची तेव्हा बाया आळीपाळीनं छबूबाईच्या पडवीत जमू लागल्या. ओवी गाताना बाई भावाचं नाव घेते, बापाचं घेते, देवाचं घेते. त्यात शेजारणीचं घेतलं तर रीत मोडत नव्हती, कारण असं करण्याचं कुणाला कधी सुचलंच नव्हतं. बाहेर ओट्यावर रमाकांत कागद-दौत घेऊन बसलेले. त्यांना छबूबाईनं बोलावलं नव्हतं, धरून आणलं होतं. "म्हशीला मतदार केलंस ह्ये मामलेदाराला सांगू का?" एवढंच ती म्हणाली होती.

"जात्याच्या तोंडामंदी घालते मी दानं दोन,
पळसदेवची लेक फुला, तिला वळखत न्हाई कोन,"

छबूबाईनं सुरू केलं. दुसरीनं खुंटा धरला.

"बाजरी सरली बाई, सरंना गं माझी ओवी,
म्हाळसा माझी जाऊ, चावडीला न्हाई ठावी."

"जरा सावकाश," रमाकांत बाहेरून कळवळले. "म्हाळसाचं वय?"

आत कुजबुज झाली. "दुष्काळात न्हान आलं व्हतं," असं उत्तर आलं.

रमाकांतांनी तिसऱ्या दिवशी बूट काढून ठेवले आणि पाचव्या दिवशी ठेका धरला. आठ पहाटांत चव्वेचाळीस अर्ज झाले. प्रत्येकावर थोडं पीठ होतं.

शेवटच्या पहाटे एक बाई आली. डोईवरून पदर हनुवटीपर्यंत, कुणाशी बोलली नाही, नुसती जात्याला हात लावून बसली. छबूबाईनं तिच्याकडं पाहिलं, गाणं थांबवलं आणि बाहेर नुसतंच सांगितलं, "चव्वेचाळीसावी लिव. नकोशी. बापाला नको व्हती. यादीला तरी असू दे. घर नंबर चार."

रमाकांतांची लेखणी अडली. घर नंबर चार कुणाचं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा आपल्या बुटांकडं, आणि लिहिलं.

आबाजींना अर्जांची बातमी लागली तेव्हा ते हसले नाहीत. वाडीतल्या पुरुषांची मतं त्यांच्या खिशात होती. चव्वेचाळीस बायांची मतं कुणाच्या खिशात असतील, ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि बायांना खिसे नसतात ही आणखी अडचण. त्यांनी बारामतीहून एका जाणत्याकडून हरकत लिहून आणली : 'सोबतच्या यादीतील चव्वेचाळीस बाया मौजे वाघजाईवाडी येथे अस्तित्वात नाहीत. सबब त्यांचे अर्ज फेटाळावेत.' खाली सही ठोकली. सोबतची यादी वाचायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. बायांची नावं वाचण्याचा त्यांना कंटाळा होता.

मग ते अप्पांच्या वांग्यांच्या वाफ्यावर आले. वांगी जांभळी धरली होती, पंधरा दिवसांत बारामतीच्या बाजाराला जाण्याजोगी.

"बाकीच्यांचं मी बघतो," आबाजी म्हणाले. "तुझ्या घराचा घोळ येगळा हाय. यादीत तुझ्या घरची एक बाई आधीच लागलीया. तवा सायेब तुलाच इचारनार, चंद्रभागा कोन? तू म्हनायचं, माझी बायकू. तिचा अर्ज तितंच रद्द."

"आनि न्हाय म्हनलं तर?"

"तर पाटाचं पानी तुझ्या वाफ्याची वाट इसरंल. पान्याला काय, त्याला बी नाव सांगाय लागतं."

अप्पांनी वांग्यांकडं पाहिलं. मान हलवली.

सुनावणी बारामतीला, चार कोसांवर. गाडीवाल्यांना आबाजींचा निरोप गेला होता. एकानंही बैल जुंपले नाहीत. तेव्हा उजाडताना बाया पायीच निघाल्या. वेशीवर टोळकं बसलेलं होतं.

"निगाल्या बघा, दिल्लीला!"

"चुलीवर काय ठिवून आलाव गं, नवरं?"

एकानं शेणाचा गोळा मारला, तो म्हाळसाच्या लुगड्यावर बसला. म्हाळसानं तो काढला, वळला आणि जवळच्या भिंतीवर थापला. "गवरी हुईल," ती म्हणाली आणि चालू लागली. छबूबाईनं आवाज लावला, पुढच्या ओळीला सगळ्याजणी मिळाल्या.

"बारामतीच्या वाटंला फुफाटा उडं लई,
आमी निगालो नावासाठी, मागं फिरायचं न्हाई!"

आबाजी सायकलवरून त्यांच्यावर फुफाटा उडवत पुढं गेले. आणि शंभर पावलं मागं, बाभळींच्या आडोशानं, आपण यांच्याबरोबर नाही असं चालीतून दाखवत अप्पा येत होते. साहेबांपुढं खोटं बोलायला त्यांना जावंच लागणार होतं, आणि वाट एकच होती.

चार कोस त्यांना दुसरं काही ऐकायला नव्हतं. बाया एकेकीचं नाव गुंफत चालल्या होत्या, प्रत्येकीची ओवी, प्रत्येकीचं माहेर. ओढ्याजवळ छबूबाईनं पुन्हा ते म्हटलं : पळसदेवची लेक फुला, तिला वळखत न्हाई कोन.

अप्पा ओढ्यात उभे राहिले. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. फुला! पळसदेवच्या मांडवात सासऱ्यांनी म्हटलं होतं, आमच्या फुलाला सांभाळा. ते 'व्हय' म्हणाले होते. आता त्यांनी ते नाव हळूच पुटपुटून पाहिलं. जिभेला नवं होतं. एक बगळा दचकून उडाला.

सुनावणी व्हरांड्यात होती. यादी तपासणारे साहेब वयस्कर, दमलेले, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी हरकत वाचली, मग समोर बसलेल्या चव्वेचाळीस बायांकडं पाहिलं, मग पुन्हा हरकत वाचली.

"या बाया अस्तित्वात नाहीत?"

"कागदोपत्री न्हाईत सायेब," आबाजी म्हणाले. "गावात एकाला बी ह्यातलं एक नाव म्हाईत न्हाय."

"यांना कोण ओळखतं? यादीतला मतदार पाहिजे."

छबूबाई उठली. "मी. छबूबाई कोंडिबा राऊत. माझं नाव हाय यादीत."

"तिचं ऐकू नगा सायेब," आबाजी उसळले. "अंगठाबहाद्दर म्हातारी ही! हिचं नाव यादीत घुसलं कसं ते आधी इचारा!"

"मी सांगते की," छबूबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "आमचं मालक हुतं तवर मी बी कोंडिबाची बायकूच हुते. बत्तीस वर्सं. मग मालक मेलं. शेताला वारस लावायला तलाठी घरी आला, म्हनाला, म्हातारे, तुझं नाव काय? बत्तीस वर्सांत मला पैल्यांदा कुनी इचारलं. बाहेर मालकाची तिरडी बांधत हुते, आनि मी आत माझं नाव सांगत हुते. तवा लागलं ते कागदाला." ती वळली. भिंतीला टेकलेल्या अप्पांकडं पाहिलं. "आमच्यात बाईला नाव लागायची ही रीत हाय सायेब. घाई करून चालत न्हाय. अप्पा, तू बी निवांत ऱ्हा. तू वर गेलास की फुलीचं नाव आपसूक लागंल. ती काय, बसंल वाट बघत!"

व्हरांड्यात कुणी हसलं नाही. अप्पांचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला. आत ठोके चालू होते. पण ज्या दिवशी ते थांबतील त्या दिवशी आपल्या बायकोला नाव मिळेल, असा हिशेब आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यापुढं मांडला गेला होता!

साहेबांनी चष्मा पुसला. "घर नंबर एकोणतीस. अप्पा बनकर कोण? या. तुमच्या घरी चंद्रभागा नावाची बाई यादीत आहे, आणि आता फुलाबाईचा अर्ज आहे. चंद्रभागा कोण?"

आबाजी खाकरले. त्या खाकरण्यात पाटाचं पाणी होतं.

फुलाबाईनं मान वर केली नाही. ती आपल्या बोटाकडं बघत होती.

"चंद्रभागा..." अप्पा म्हणाले आणि थांबले. डोळ्यांपुढं वांगी सुकू लागली. मग ते एका दमात बोलून गेले. "चंद्रभागा माझी म्हस हाय सायेब!"

"काय?"

"म्हस. वय आठ. ती गुनी हाय, पन तिला मत नगं. ही माझी बायकू. फुलाबाई. फुलाबाई अप्पा बनकर. माहेर पळसदेव. वय तेहतीस. रंग सावळा, उजव्या हातावर तुळस गोंदल्याली, तिची आई..."

"पुरे, पुरे," साहेब म्हणाले. "आईचा रकाना नाही."

कोपऱ्यात रमाकांत उभे राहिले. "चूक माझी आहे, साहेब. दोन्ही तक्ते मीच भरले." ते पुन्हा बसले नाहीत.

साहेबांनी म्हशीचं नाव खोडलं आणि बाईचं लिहिलं. मग छबूबाईच्या ओळखीवर एकेक अर्ज पुढं सरकू लागला. आबाजी दर नावाला 'न्हाय, अशी बाई न्हाय' म्हणत होते. बेचाळीस झालं. त्रेचाळीस झालं.

"नकोशी आबाजी शेळके."

"न्हाय, अशी बाई..." आबाजी सवयीनं म्हणाले, आणि त्यांची जीभ वाटेत थांबली.

शेवटच्या ओळीतली बाई उठली. तिनं पदर हनुवटीवरून कपाळापर्यंत मागं घेतला. "हाय," ती म्हणाली.

साहेबांनी हरकतीचा कागद उचलला, खालची सही नीट पाहिली. "आबाजीराव, तुमच्या सहीप्रमाणं ही बाई गावात अस्तित्वात नाही. मग एवढी वर्षं तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतंय?"

आबाजींनी हरकत मागं घेतली. सायकल हातात धरून ते पायी निघाले. नकोशी त्यांच्यामागून गेली नाही. ती बायांबरोबर गेली, आणि तिला ओव्या भरपूर येत होत्या.

आबाजींनी पाण्याचा शब्द मात्र खरा केला. पाण्याच्या त्या पाळीला पाट अप्पांच्या बांधावरून वळला आणि निम्मी वांगी जागच्या जागी सुकली. पुढच्या पाळीला चव्वेचाळीस बाया पाटकऱ्याच्या चौकीसमोर बसून ओवी म्हणू लागल्या, आणि त्यात त्याचंही नाव बापासकट घेऊ लागल्या. पाटकऱ्यानं अकराव्या ओवीला पाणी सोडलं.

पुढं सत्तावन्नच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मतदान झालं. तेच पटांगण, तेच टेबल. आबाजींची खुर्चीही होती, पण ते तिच्यात जरा तिरके बसले होते. फुलाबाई तेच हिरवं लुगडं नेसून रांगेत उभी होती. मागं अप्पा होते.

टेबलामागच्या माणसानं कागदावरून बोट फिरवलं. फुलाबाईनं बोट पुढं धरलं.

"फुलाबाई अप्पा बनकर!"

"हाय!" ती इतक्या जोरात म्हणाली की टेबलावरची दौत हलली.

शाई लागली. मत देऊन ती बाहेर आली, आबाजींच्या खुर्चीपुढं थांबली आणि काळं बोट त्यांच्यासमोर धरलं. "धुऊन ठिवलं व्हतं," ती म्हणाली. "कामाला आलं." आबाजींनी दुसरीकडं तोंड फिरवलं. तिकडून नकोशी बोट फुंकत येत होती.

पटांगणाच्या टोकाला जाऊन अप्पांनी हाक मारली. "फुला!" सगळं पटांगण वळून बघू लागलं. अप्पांचे कान तांबडे झाले. तरी ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी मोठ्यानं, "फुला, चल घरी. चंद्रभागा वाट बघत आसंल."

तर नागरिकहो, आपल्याही गावच्या चावडीवर यादी टांगलेली असेल. ज्या बाईचं नाव तिच्या हयातीत, तिच्या तोंडून, तिच्या माणसांसमोर घेतलं जात नाही, तिचं मत दुसराच कुणीतरी देत असतो. आणि नाव मिळण्यासाठी नवऱ्याच्या तिरडीची वाट बघायला लावणारी रीत ही रीत नव्हे, अन्याय आहे. तेव्हा उद्या सकाळी घरातल्या बाईला नावानं हाक मारा आणि मग दोघं मिळून यादी बघायला जा. आणि हाक मारायला तोंड उघडून नाव आठवलंच नाही, तर चिडू नका. तिलाच विचारा. ती सांगेल. ती फार दिवसांपासून थांबली आहे.